हातभर झोळ

चार बांबू. दोन लोखंडी मेखा आणि एक घण. तोल सांभाळायची एक काठी, लांबी पंधरा फूट, वजन चार किलो. एक ढोलकी, एक पितळी थाळी, थाळी वाजवायची लाकडी दांडी. खाली अंथरायला महोत्सवाच्या समितीनं दिलेल्या सहा गाद्या, त्यांतल्या दोन फाटलेल्या. माणसं तीन. आणि मी.

मित्रांनो, फेब्रुवारी १९९४ मधल्या त्या सकाळी औरंगाबादच्या उस्मानपुऱ्यातल्या मैदानावर आमच्या खेळाचं एवढंच सामान होतं. मी म्हणजे दोर. डोंबाऱ्याच्या खेळातला, माणसाला हवेतून चालवणारा दोर. अंबाडीचा, तीन पेडांचा, अंगठ्याएवढा जाड आणि बत्तीस हात लांब. वय आठ वर्षं. तुमच्यासाठी आठ म्हणजे काहीच नाही, पण दोरांमध्ये मी म्हातारा गणला जात होतो.

मला फर्दापूरजवळच्या एका वस्तीवर सांडू नावाच्या माणसानं वळलं. अजिंठ्याची लेणी बघायला जाणाऱ्या गाड्या त्याच्या दारावरून जात. त्यानं स्वतः लेणी पाहिली नव्हती. सवड झाली नाही, असं तो सांगायचा. अंबाडीच्या काड्या त्यानं बारा दिवस ओढ्यात भिजवल्या, साली सोलल्या, धुतल्या, वाळवल्या आणि मग वळायला घेतलं. माझी मालकीण आवडाबाई दोन दिवस त्याच्या डोक्याशी उभी होती.

"सैल वळू नको," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "लई घट बी वळू नको."

"बाई, तूच वळ मग," सांडू वैतागून म्हणाला. "मी नाचतो तुझ्या दोरावर."

वळून झाल्यावर आवडाबाईनं मला मोजलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत तिचा एक हात. असे चाळीस हात. पुढं दर दसऱ्याला ती माझ्या टोकाचा एक हात तुकडा कापायची. त्याचे पेड उलगडायची, वास घ्यायची, एकेक सूत नखावर ताणून तोडून बघायची. आत बुरशी नाही, सूत कडक आहे, अशी खात्री झाली तरच मी पुढच्या वर्षी बांधला जायचो. आठ दसऱ्यांत आठ हात गेले. म्हणून बत्तीस.

आवडाबाईचा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालातला, म्हणजे १९४८चा. तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. तरुणपणी ती स्वतः दोरावर चालायची. गुडघा गेल्यावर तिनं काठी सुनेच्या हातात दिली आणि आपण थाळी घेतली. सून सारजाबाई. तिच्या माहेरीही हाच खेळ होता, त्यामुळं लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती माझ्यावर चढली. आवडाबाईचा मुलगा बन्सी, म्हणजे सारजाबाईचा नवरा, ढोलकी वाजवायचा.

या घराचे दोन नियम होते. दोन्ही कागदावर नव्हते.

पहिला नियम थाळीचा. थाळी वाजते आहे तोवर पुढं चालायचं. थाळी थांबली की, कितवंही पाऊल असो, उलट्या पावलांनी मागं यायचं. का, ते खाली उतरल्यावर विचारायचं. आठ वर्षांत थाळी तीनदा थांबली. एकदा मेखेची गाठ सरकली होती. एकदा बाजारात बैल उधळला होता. तिसऱ्यांदा आवडाबाईला नुसता खोकला आला होता, तरी सारजाबाई अकरा पावलं उलटी चालून आली आणि खाली उतरून सासूला म्हणाली, "आत्याबाई, खोकला बी तालात घेत जावा."

दुसरा नियम झोळाचा. दोन-दोन बांबू माथ्याशी फुलीसारखे बांधून दोन कैच्या उभ्या करत. मी एका कैचीवरून दुसऱ्या कैचीवर जायचो आणि दोन्हीकडं खाली उतरून मेखांना बांधला जायचो. कैच्यांमधलं अंतर वीस फूट. सारजाबाई मधोमध उभी राहिली की मी तिच्या वजनानं खाली वाकायचो. त्या वाकण्याला झोळ म्हणतात. तो किती असावा, तर आवडाबाईचा एक हात. दोन्ही कैच्यांच्या माथ्यावरून सुतळी ताणून आवडाबाई सुतळीपासून खाली आपला हात लावून बघायची. कमी भरला तर बन्सी गाठ सोडून मला थोडा सैल करायचा.

अशा बांधणीत मी सिल्लोडचा बाजार पाहिला, अजिंठ्याचा पाहिला, फर्दापुरात परदेशी पाहुण्यांसमोर ताणला गेलो. एका जपानी गृहस्थानं खेळ संपल्यावर मला दोन बोटांनी चाचपलं आणि वाकून नमस्कार केला. सारजाबाईला नाही, मला! बन्सी ती गोष्ट पुढं दोन वर्षं सांगत होता.

मग दिवस पालटले. सारजाबाईची मुलगी सहा वर्षांची झाली आणि शहरातल्या शाळेत पहिलीत बसली. शाळेसाठी सगळं घर औरंगाबादेत राहू लागलं आणि खेळ चौकांत होऊ लागले. क्रांती चौकात आम्ही उभे राहिलो की रिक्षा अडायच्या, हॉर्न वाजायचे आणि पोलीस यायचा. "उचला, उचला!" एका महिन्यात पाचदा उचललं. नंतर हुकूमच निघाला की परवान्याशिवाय शहरात रस्त्यावर खेळ करायचा नाही. त्यानंतरचे सात महिने मी खोलीच्या कोपऱ्यात वेटोळं होऊन पडलो. माझ्यावर कांद्याची टोपली ठेवलेली असायची.

परवाना मिळायची एकच वाट होती. शहरात तीन दिवसांचा कला महोत्सव भरणार होता. त्याची समिती पहिल्या दिवशी सकाळी रस्त्यावरच्या कलाकारांची तपासणी घेणार होती. पास झालेल्याला वर्षभराचा दाखला मिळणार होता. नाही मिळाला, तर बाडबिस्तरा उचलून पुन्हा गावोगाव. मुलीची शाळा तिथंच थांबणार. सारजाबाईनं मैदानावर येताना बन्सीला एवढंच सांगितलं, "आज काय बी झालं तरी कागद घेऊनच जायचं."

तपासणी करायला नानासाहेब आले. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर, हातात फूटपट्टी, खिशात दोन पेनं. नियम अकरा होते. उंची सहा फुटांच्या आत: होती. खाली गाद्या: होत्या. बघणाऱ्यांपासून दहा फूट अंतर: होतं. ते सातव्या नियमापाशी थांबले आणि माझ्याकडं पाहिलं.

"दोर ताठ असावा. कलाकार वर असताना झोळ दोन इंचांपेक्षा जास्त नसावा," त्यांनी वाचलं. "हा बघा. हा दोर आहे की पाळणा?"

"पाळणाच हाय साहेब," आवडाबाई म्हणाली. "माझी सून त्यात सुखानं चालती."

"विनोद नको, बाई. दोन इंच म्हणजे दोन इंच."

"दोन इंचावर मग तुमीच चाला. मी थाळी वाजविते."

बघणारे हसले. नानासाहेब हसले नाहीत. "बारा वाजता यादी बंद होते," ते म्हणाले. "तोवर ताठ करा, नाहीतर नाव खोडतो."

बन्सीनं आईला बाजूला घेतलं. "माय, एका दिवसाचा तर प्रश्न हाय. करू दे त्यांना ताठ. दाखला हातात आला की आपुन आपल्या रीतीनं बांधू."

"दोराला काय ठावं, एक दिवस हाय का रोजचं हाय?"

"आत्याबाई," सारजाबाई हळूच म्हणाली, "चालते मी. एकवीस पावलं तर हायती."

आवडाबाई आपल्या जागेवर गेली. तिनं थाळी उचलली.

महोत्सवाच्या मंडपाचं लोखंड कय्युमभाईंनी पुरवलं होतं. त्यांचा ट्रक तिथंच उभा होता. त्यांनी एका बाजूची मेख सोडून माझं टोक चेन-पुलीला अडकवलं आणि चेन-पुली ट्रकच्या हुकाला. चेन-पुली म्हणजे साखळी ओढून जड वस्तू थोडी थोडी खेचायचं यंत्र. एक ओढ, दुसरी, तिसरी. पाचव्या ओढीला माझ्या अंगातून धूळ उडाली. आठव्या ओढीला माझे तिन्ही पेड एकमेकांत रुतू लागले. नवव्या ओढीनंतर बन्सीनं मला टिचकी मारली, तर मी एकतारीसारखा वाजलो.

"आता कसा पट्टीसारखा दिसतो!" नानासाहेब म्हणाले. ते खरंच खूश झाले होते. "चढा बाई."

ढोलकी सुरू झाली. थाळी सुरू झाली, पण नेहमीपेक्षा हळू.

सारजाबाई कैचीवर चढली आणि तिनं उजवा पाय माझ्यावर ठेवला. आठ वर्षं मी तो पाय ओळखत होतो. मी थोडा वाकायचो, तळवा माझ्याभोवती बसायचा आणि मग पुढचं पाऊल पडायचं. त्या दिवशी मी वाकलोच नाही. पाय बसला नाही, नुसता टेकला. पहिलं पाऊल. दुसरं. काठीची टोकं थरथरत होती. एरवी ती इतकी थरथरत नसत. तिसरं. चौथं. पाचव्या पावलाला नानासाहेब पट्टी घेऊन पुढं आले आणि त्यांनी सुतळीपासून माझ्यापर्यंत अंतर मोजलं.

"सहा इंच! अजून सहा इंच आहे. कय्युम, अजून ओढ."

"बाई ऊपर हैं, साहब."

"एकच ओढ. तिचं नाव जायला नको. ओढ."

कय्युमभाईंनी साखळीला हात घातला. त्यांनी वर सारजाबाईकडं पाहिलं. तिनं मान हलवली नाही, हलवताच येत नव्हती, फक्त म्हणाली, "वढा, भाईजान."

दहावी ओढ बसली.

माझ्या मधल्या पेडातलं एक सूत तुटलं. आवाज फार छोटा, नखानं नख उडवावं एवढा. ढोलकीत तो कुणाला ऐकू आला नाही. सारजाबाईच्या तळव्याला कळला. आणि बारा फुटांवर बसलेल्या आवडाबाईला ऐकू आला.

थाळी थांबली.

बन्सीची ढोलकी दोन ठोके पुढं गेली आणि तीही थांबली. आता फक्त चेन-पुलीची कडी किरकिरत होती.

"का थांबवलं?" नानासाहेब ओरडले. "पुढं चला, बाई!"

सारजाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिनं पुढचा पाय उचलला आणि मागं, न बघता, टाचेनं चाचपून माझ्यावर ठेवला. एक. तुटलेलं सूत माझ्या पेडातून केसासारखं उभं राहिलं होतं. दोन. मी शक्य तेवढा स्थिर राहिलो. दोराला तेवढंच करता येतं. तीन. तिच्या हनुवटीवरून घामाचा थेंब माझ्यावर पडला. चार. पाच. तिच्या पाठीला कैचीचा बांबू लागला आणि तिनं काठी सोडून दिली. काठी गादीवर आपटली.

खाली उतरल्यावर तिनं विचारलं, "का, आत्याबाई?"

"सूत गेलं."

"मला वाटलंच."

नानासाहेबांनी पेन काढलं होतं. बन्सी हात जोडून त्यांच्यापुढं उभा होता. "साहेब, म्हातारी हाय, घाबरली. पुन्हा चढवतो."

"कोण घाबरली रे?" आवडाबाई उठून आली. गुडघ्यामुळं तिला यायला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे थांबले. "साहेब, एक इचारू? ह्यो सातवा नियम कुणी लिव्हला?"

"मी."

"कशापायी?"

नानासाहेबांनी पेनाचं टोपण बंद केलं. त्यांचा आवाज बदलला. "गेल्या वर्षी एका गावच्या जत्रेत मी बाई पडताना पाहिली. गाडी येईपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दोर जमिनीला टेकायला आला होता, इतका ढिला. माझ्या मैदानात मला तसं होऊ द्यायचं नाही."

"दोर पडायच्या आधी ढिला व्हता, का पडल्यावर?"

नानासाहेबांनी पेन खिशात ठेवलं.

"मेख उपटली का बघितली?"

"मी बाईकडं बघत होतो," ते म्हणाले. "मेखेकडं नाही."

"जास्ती ताणला की मेख उपटती, साहेब. न्हाईतर दोर जातो. मग लोंबतोच त्यो."

"हे तुमचं म्हणणं झालं," नानासाहेब म्हणाले, पण पूर्वीसारखं जोरात नाही. "पन्नास किलोची बाई. एवढा जाड दोर. ढिला असो की ताठ, वजन तेवढंच ना? एक सूत तुटलं म्हणून काय झालं?"

आवडाबाईनं मैदानाभोवती नजर फिरवली. कय्युमभाईंचा माणूस मंडपाचे पाइप मोजून घेत होता. ते लोखंड वजनावर भाड्यानं द्यायचे, म्हणून ट्रकमध्ये एक लटकता काटा कायम असायचा: वर कडी, खाली हुक, मधे गोल तबकडी आणि तिच्यावर हजार किलोपर्यंत आकडे.

"कय्युमभाई, त्यो काटा माझ्या दोराला लावता का? मी सांगितलेलं साहेबांना पटत न्हाई. काट्याचं तरी ऐकतील."

"लगाता हूँ अम्मा. पण दोर तुटला तर?"

"सूत गेलं म्हंजी त्यो आता माझ्या कामाचा न्हाईच." तिनं माझ्यावरून एकदा हात फिरवला, तुटलेल्या सुतापाशी थांबली आणि हात काढून घेतला. "जायचाच हाय तर सांगून तरी जाऊ दे."

मित्रांनो, त्या वाक्याचं मला वाईट वाटलं नाही. आठ वर्षं कुणी मला काही विचारलं नव्हतं. आता विचारणार होते.

काटा माझ्या आणि चेन-पुलीच्या मधे बसवला, म्हणजे मला किती ताण पडतो तो सुईवर दिसेल. आधी त्याच काट्याला लोंबकळून सारजाबाईनं आपलं वजन करून घेतलं: शेहेचाळीस. काठी चार. पन्नास किलो वाळू दोन गोण्यांत भरून त्या माझ्या मधोमध टांगल्या. चेन सगळी सैल सोडली आणि आवडाबाईनं हात लावून झोळ धरला.

"कुणाचा हात?" नानासाहेबांनी विचारलं.

"माझा. तुमचा कशाला धरू?"

नानासाहेबांनी तिच्या हाताला पट्टी लावली. साडेसतरा इंच. मग काट्यापाशी जाऊन वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"एकशे सत्तर," ते म्हणाले. "पन्नासच्या वजनाला एकशे सत्तर?"

"काटा बरोबर आहे साहब," कय्युमभाई म्हणाले. "आत्ता बाईंचं वजन याच्यावरच केलं."

"ओढ."

कय्युमभाईंनी सगळ्यांना तीस फूट मागं सारलं. नानासाहेब हटेनात, तेव्हा ते ट्रकच्या आडून बघतील असं ठरलं. ओढी मोठ्यानं मोजायच्या होत्या. मोजायचं काम बन्सीनं घेतलं.

आठ ओढी. झोळ नऊ इंच, काटा तीनशे तीस.

नानासाहेबांनी खिशातला कागद काढून लिहिलं. झोळ निम्मा, ताण जवळजवळ दुप्पट. त्यांनी त्याखाली रेघ मारली आणि रेघेकडं बघत राहिले.

दहा ओढी. झोळ साडेसात, काटा चारशे. "सकाळी इथं व्हतो आपुन," बन्सी म्हणाला. सारजाबाईनं पदर तोंडाशी धरला. सकाळी ती पाचव्या पावलावर होती, म्हणून झोळही कमी भरला होता; खरा ताण मधोमध, अकराव्याला आला असता.

माझ्या आत काय होत होतं ते सांगतो. तुम्ही आणि तुमचा मित्र, एका दोरीची दोन टोकं धरून उभे राहा आणि मधे पाण्याची बादली अडकवा. दोरी खोल लोंबू दिली तर बादली सहज उचलता येते, कारण दोघंही तिला वरच्या दिशेनं ओढता. आता दोरी सरळ करून बघा. जितकी सरळ होईल तितके तुम्ही बादलीला वर न ओढता एकमेकांनाच ओढता. हात भरून येतील, पण दोरी पुरती सरळ होणार नाही. मैदानावर ते दोन मित्र म्हणजे दोन कैच्या होत्या, आणि दोरी मी होतो.

तेरा ओढी. झोळ सहा इंच, काटा पाचशे. दुसरं सूत गेलं, लगेच तिसरं. आता आवाज सगळ्यांना ऐकू आला.

नानासाहेबांनी कागदावर आणखी एक हिशेब केला आणि मान वर केली. "नियमाप्रमाणं दोन इंच आणायचे तर पंधराशे किलो लागतील," ते म्हणाले. "तुझी तबकडीच हजाराला संपते, कय्युम."

"थांबू, साहब?"

त्यांनी आवडाबाईकडं पाहिलं. बहुधा प्रथमच, विचारायला म्हणून.

"वढा," ती म्हणाली. "माझ्या सुनेला कुठवर न्हेणार व्हते ते बघू द्या मला."

चौदा. माझ्या तिन्ही पेडांमधलं अंतर संपलं होतं. आम्ही एकच कडक काठी झालो होतो. पंधरा.

झोळ पाच इंच, काटा सहाशे, आणि मी तुटलो.

एक तुकडा ट्रकवर आपटला, दुसरा उलटा फिरून कैचीच्या बांबूवर बसला आणि बांबू उभा चिरला. दोन्ही गोण्या खाली आल्या. एक गादीवर पडली, दुसरी गादी चुकवून जमिनीवर फुटली. वाळू सारजाबाईच्या पायापर्यंत आली. ती त्या फुटलेल्या गोणीकडं बघत उभी राहिली. मग एकदम खाली बसली, जिथं होती तिथंच.

नानासाहेब ट्रकच्या आडून आले.

"मी ओढ म्हणालो," ते म्हणाले. "ती वर होती आणि मी ओढ म्हणालो."

"थाळी थांबली नं, साहेब," आवडाबाई म्हणाली. "झालं तर मग."

अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. नानासाहेबांनी सातवा नियम खोडला. त्याजागी लिहिलं की झोळ साडेसतरा इंचांपेक्षा कमी नसावा, आणि दोर कसा बांधायचा ते चालणाऱ्यानं आणि बांधणाऱ्यानं ठरवावं. तपासणाऱ्यानं मेखा बघाव्यात. पण आता आमच्याकडं दोर नव्हता, आणि दोराशिवाय तपासणी होणार कशी? त्यांनी यादीत आमच्या नावापुढं 'तिसरा दिवस' असं लिहिलं. कय्युमभाई ट्रक घेऊन फर्दापूरला गेले. सांडूकडं विहिरीसाठी वळलेला एक नवा दोर होता. तो त्यानं दिला आणि आवडाबाईला निरोप धाडला: "घट बी न्हाई, सैल बी न्हाई."

माझे दोन्ही तुकडे गाठीनं जोडून मैदानावर बघणाऱ्यांच्या पुढं बांधले, गर्दी आत येऊ नये म्हणून. मुलं माझ्यावर रेलायची, शेंगांची टरफलं माझ्याशी टाकायची. माझ्यावरून आता कुणी चालणार नाही. कमरेएवढ्या उंचीवरून सगळं दिसतं, एवढं मात्र आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडं तक्रार करायला येत नाहीत. छोटा आवाज करतात, तोही एकदाच. घरात दोर असेल, शिडी असेल, पाळण्याची कडी असेल, तर वर्षातून एकदा ती हातात घेऊन बघा. आणि तिच्यासाठी नियम करायचा झाला, तर ती रोज ज्याच्या हातात असते त्याला आधी विचारा. माझं एवढंच मागणं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता नवा दोर बांधला. बांबू नवा होता, एका मेखेच्या आधी कय्युमभाईंचा काटा बसवला होता, मेखा नानासाहेबांनी स्वतः हलवून पाहिल्या. आवडाबाईनं दोरावर आधी शंभर किलो वाळू टांगली आणि तासभर काढू दिली नाही. गर्दी कंटाळली, शिट्ट्या वाजू लागल्या. "घाई असंल तर चढा की वर," ती म्हणाली. मग गोण्या उतरवल्या, सुतळी ताणली, आणि बन्सीनं ढोलकी गळ्यात अडकवली. त्याचे हात ओले होते. ते त्यानं दोनदा सदऱ्याला पुसले.

सारजाबाई चढली. नवा दोर तिला ओळखत नव्हता, तीही त्याला ओळखत नव्हती. पहिलं पाऊल ठेवून ती थांबली, इतका वेळ की नानासाहेबांनी घड्याळावरची नजर उचलून वर पाहिलं. थाळी वाजत होती. तिनं दुसरं पाऊल टाकलं. सहाव्याला काठी डावीकडं कलली आणि सावरली. अकराव्याला, मधोमध, ती उभी राहिली. नानासाहेबांनी पट्टी लावली, काटा वाचला, आणि बाजूला झाले.

दाखल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी नोंद केली. अंतर वीस फूट. पावलं एकवीस. मधोमध झोळ साडेसतरा इंच, ताण एकशे सत्तर किलो. वेळ एक मिनिट बारा सेकंद.